कोणाला कोणती गोळी मानवली

आमच्या घरात नैराश्यावरच्या गोळ्या तिघांनी घेतल्या. आधी थोरल्या भावाने, मग मायने, शेवटी मी. केसपेपरवर आजाराचं नाव तिघांच्याही एकच, पण गोळ्या निरनिराळ्या आणि प्रत्येक गोळीने अंगाला दिलेला त्रासही निराळा. अंबड तालुक्यातलं आमचं गाव आणि जालन्याचा मोंढा, जिथे मी एका अडतीवर हिशेब लिहितो, या दोन्ही ठिकाणी आता लोक मला बाजूला घेऊन विचारतात. कुणाच्या पोराला, कुणाच्या बायकोला, कुणाला स्वतःलाच गोळ्या सुरू झालेल्या असतात. प्रश्न ठरलेला असतो, "ह्या गोळ्या गरम पडत्यात का?" मी डॉक्टर नाही. आमच्या घरात जे झालं आणि पुढे डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळलं, तेवढंच सांगतो. सांगायचं अशासाठी, की आमच्या भागात किती जणांची गोळी पहिल्या आठवड्यातच सुटते ते मी पाहिलंय. पोट बिघडतं, डोकं गरगरतं, घरचे म्हणतात फेकून दे, आणि माणूस पुन्हा होता तिथेच जातो.

दादाची तीन एकर मोसंबी २०१२-१३च्या दुष्काळात वाळली. ज्यांना परवडलं त्यांनी टँकरने पाणी घालून झाडं जगवली. आमच्याच्याने ते झालं नाही. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या बागेचं सरपण होऊन गेलं होतं आणि त्या रानात कपाशी उभी होती. पण दुष्काळात दादा खचला नव्हता. तो खचला नंतर, पाऊस चांगला झाल्यावर, नवी कलमं लावून झाल्यावर, सगळं मार्गी लागतंय असं आम्हाला वाटत असताना. पहाटे तीनला उठून ओसरीवर बसायचा. भाकरी अर्धी टाकायचा. कुणी काही विचारलं की "काय नाही, बरंय" एवढंच.

विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत तेव्हा सरकारचा प्रेरणा प्रकल्प चालू होता. शेतकरी कुटुंबांत कुणी मनाने खचलंय का, हे बघायला आशाताई घरोघर जायच्या. आमच्या दारात आल्या तेव्हा दादाने सगळ्या प्रश्नांना तेच उत्तर दिलं. वहिनी मात्र त्यांना फाटकापर्यंत सोडायला म्हणून गेली आणि तिथे उभ्या उभ्या सगळं बोलली. तिच्या त्या बोलण्यामुळे आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पोचलो.

तिथे बसलेले डॉक्टर तरुण होते. त्यांनी दादाला एस्सिटालोप्रॅम लिहून दिली, सुरुवातीला पाच मिलिग्रॅम, आठवड्याने दहा. सोबत क्लोनाझेपामची छोटी गोळी, दोनच आठवड्यांसाठी. मग त्यांनी पेन खाली ठेवला आणि पुढचं जे सांगितलं, त्यासाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे. "पहिले दहा-पंधरा दिवस मळमळ होईल. पोट ढिलं होईल. डोकं दुखेल, जांभया येतील. बेचैनी थोडी वाढल्यासारखीही वाटेल. फायदा मात्र लगेच दिसणार नाही, त्याला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. हे ठाऊक असू द्या, म्हणजे मध्येच सोडणार नाही." पोट का बिघडतं, हेही सांगितलं. ही औषधं सेरोटोनिन नावाच्या ज्या रसायनावर काम करतात, ते शरीरातलं जवळपास नव्वद टक्के आतड्यांत असतं. मेंदूत परिणाम दिसायच्या आधी पोटाला समजतं ते यामुळे.

नंतर त्यांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावलं. घरात फवारणीचं औषध आहे का, विचारलं. शेतकऱ्याच्या घरात ते असतंच. पहिल्या काही आठवड्यांत माणसाला हालचालीचं बळ आधी येतं आणि मनावरचं सावट मागाहून हटतं, म्हणून त्या दिवसांत घरातल्या बाटल्या हलवा आणि माणसाला एकटं सोडू नका, असं ते म्हणाले. पंचविशीच्या आतल्यांना तर याहून जास्त जपावं लागतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी ठळक सूचना या औषधांवर छापायला लावली. आम्ही त्याच संध्याकाळी गोठ्यातल्या फळीवरच्या बाटल्या पोत्यात भरून चुलत्याच्या कुलूपबंद खोलीत नेऊन ठेवल्या. दादाने पाहिलं. काही बोलला नाही.

मळमळ झालीच. वहिनी फोडणी टाकायची आणि दादा ओसरीवरून उठून अंगणात जायचा. जेवणानंतर गोळी घ्यायला लागल्यावर ते कमी झालं आणि आठ-दहा दिवसांत जवळपास थांबलं. बेचैनी थांबली नाही. "पायात कायतरी चाललंय, एका जागी बसू देईना," म्हणायचा. बाजेवर टेकला की उठायचा, अंगणात फेऱ्या मारायचा, परत टेकायचा. झोप आधीच नव्हती, ती आता पार गेली. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी वाट पाहत न बसता औषध बदललं. हा माणूस खात नाही, झोपत नाही, तर जी गोळी झोप आणि भूक दोन्ही आणते तीच याला देऊ, म्हणाले. मिर्टाझापिन, रात्री झोपताना. एकाला जो दुष्परिणाम नको असतो तोच दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मिर्टाझापिनने दादा पहिल्याच रात्री झोपला. सकाळी दहापर्यंत गुंगी होती, म्हणून पहिले काही दिवस ट्रॅक्टरवर बसायचं नाही आणि एकट्याने विहिरीकडे जायचं नाही, असा वहिनीने दंडक घातला. या गोळीची एक लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. डोस कमी असताना ती जास्त गुंगी आणते, डोस वाढवला की गुंगी बऱ्याचदा कमी होते. आम्हाला ते आधी सांगितलं होतं, नाहीतर डोस वाढवताना आम्ही नक्की घाबरलो असतो. मग भूक आली. रात्री जेवण झाल्यावरही गूळ-शेंगदाण्याचा डबा उघडायचा. वजन वाढत गेलं. गावात सगळे म्हणायला लागले, तब्येत सुधारली. खरंच सुधारली होती, पण डॉक्टर दर तीन महिन्यांनी वजन करायचे, साखर आणि चरबी तपासायला सांगायचे. ज्याला आधीच मधुमेह आहे किंवा जो आधीच स्थूल आहे, त्याला ही गोळी सहसा पहिली देत नाहीत, हे तेव्हा समजलं.

क्लोनाझेपाम दोन आठवड्यांनी बंद झाली. याविषयी थोडं बोलायलाच हवं. आमच्याकडे डोक्याच्या डॉक्टरची प्रत्येक गोळी ही झोपेची गोळी समजतात आणि "सवय लागते" म्हणून सगळ्याच नाकारतात. सवय लागते ती क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची. त्या महिनोन्‌महिने घेतल्या की त्यांच्यावाचून झोप येत नाही, डोस वाढत जातो. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी तलफ येत नाही. उलट मी पाहिलंय, कित्येक जण मेडिकलवरून क्लोनाझेपाम तेवढी मागून घेतात, कारण तिने त्याच रात्री बरं वाटतं, आणि जी खरी उपचाराची गोळी आहे ती मळमळते म्हणून टाकून देतात.

मायची गोष्ट वेगळी. तिला मानदुखी आणि अर्धशिशीसाठी एका डॉक्टरांनी फार पूर्वी अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू केली होती, दहा मिलिग्रॅम. बाबा गेल्यावर ती बोलेनाशी झाली, तेव्हा तीच गोळी वाढवत वाढवत पन्नासवर नेली. हे जुन्या पिढीतलं औषध, १९६१ पासूनचं, स्वस्त, आणि गुणाला चांगलं. माय थोडी बोलायला लागली. पण तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरीचा घास गिळायला तिला प्रत्येक वेळी पाण्याचा घोट लागायचा. कवळी हिरड्यांना घासून जखमा झाल्या. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. लघवीला बसली की बराच वेळ बसून राहायची. या सगळ्याचा संबंध त्या एका पिवळ्या गोळीशी असेल, असं आमच्या मनातही आलं नाही, कुणी सांगितलंही नव्हतं. पोटासाठी चूर्ण, तोंडासाठी जेल, लघवीसाठी आणखी एक गोळी, असं वाढत गेलं. एका रात्री बाजेवरून उठताना तिला चक्कर आली आणि ती उंबऱ्यावर पडली. हाड वाचलं. उठून उभं राहताना रक्तदाब एकदम खाली जातो, हाही त्याच गोळीचा परिणाम. म्हाताऱ्या माणसाला या जातीच्या गोळ्या जपून द्याव्या लागतात, आणि हृदयाचे ठोके अनियमित असले किंवा काचबिंदू असला तर विशेषच.

मग ती गोळी बंद करून तिला एस्सिटालोप्रॅमच्याच गटातली सर्ट्रालिन दिली. तोंडाला पाणी आलं, पोट मोकळं झालं, थोडं जास्तच मोकळं, कारण या गटात जुलाबाची तक्रार सर्ट्रालिनची अधिक असते. आम्ही निर्धास्त झालो. माय दुपारी शेजारणींत जाऊन बसायला लागली.

२०१९चा मे आमच्याकडे वाईट होता. गावाला टँकर, पारा चाळिशीच्या वर. मायला रक्तदाबासाठी लघवी जास्त करणारी गोळी आधीपासून चालू होती आणि त्यापायी जेवणात मीठ कमी. एका सकाळी तिने मला बाबांच्या नावाने हाक मारली. मी म्हटलं झोपेत असेल. नंतर ती चुलीपाशी बसून नुसती काडेपेटी उघडत होती आणि मिटत होती. काय करायलीस, विचारलं तर, "तुमचा चहा ठेवायलेय." दुपारपर्यंत तिला उठवेना. जालन्याला आणलं. डॉक्टरांनी आधी डोक्याचा झटका समजून धावपळ केली. रक्ताचा अहवाल आला तेव्हा सोडियम १२१ होतं. ते १३५ च्या वर असावं लागतं.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन या गटातल्या गोळ्या वयस्कर माणसात रक्तातलं सोडियम उतरवू शकतात. सोबत लघवी वाढवणारी गोळी असली की धोका आणखी वाढतो, आणि बाया त्यात पुरुषांहून जास्त सापडतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक साधी रक्ततपासणी केली की कळतं. ती कुणी सांगितली नव्हती. माय वाचली, चार-पाच दिवसांत शुद्धीवर आली, सगळ्यांना ओळखायला लागली. पण आजही जालना जिल्ह्यातल्या साठी उलटलेल्या कुणाला या गोळ्या सुरू झाल्या असं ऐकलं की मी सगळ्यात आधी तेच विचारतो, सोडियम तपासलं का, आणि ब्लडप्रेशरची कोणती गोळी चालू आहे. मायला शेवटी कमी डोसची मिर्टाझापिन दिली, तिच्यात सोडियमची भीती कमी असते. दादाची आणि तिची गोळी एकच झाली. दादाचं वजन वाढलं, मायचं वाढलं नाही.

आता माझं. हे लिहिताना हात आखडतो, पण ज्या गोष्टीपायी पुरुष गुपचूप गोळ्या बंद करतात ती गोष्ट हीच आहे, म्हणून ती न लिहिणं मला पटत नाही.

मायच्या आजारपणानंतर माझी छाती धडधडायला लागली. दुकानात बेरीज करताना आकडे निसटायचे. घरी आलं की कुणाशी बोलावंसं वाटेना. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या एका खासगी डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन दिली. महिन्याभरात धडधड थांबली, मी पुन्हा माणसांत आलो. घाम मात्र फार यायचा, शर्ट दुपारपर्यंत ओला. आणि बायकोजवळ जाण्याची इच्छाच आटली. कधी इच्छा झाली तरी शेवटापर्यंत पोचता येईना. मला वाटलं वय झालं. बायकोला वाटलं माझं मन उडालं. आम्ही दोघं एका खोलीत असूनही कित्येक महिने त्यावर एक शब्द बोललो नाही. तिने एकदाच विचारलं, "माझं काही चुकलं का?" तिच्या त्या प्रश्नाने मी डॉक्टरांसमोर तोंड उघडलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, हे या गोळीने होतं, पुष्कळांना होतं, बायांनाही होतं, फक्त त्या आणखीनच बोलत नाहीत. या गटातल्या सगळ्याच गोळ्यांनी थोडंबहुत होतं, पॅरॉक्सेटिनने जास्त. मिर्टाझापिनने कमी होतं, ब्युप्रोपिऑनने सगळ्यात कमी. मी बायकोला घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती रडली. गोळी अजून बदललीही नव्हती, तरी आमच्यातला अबोला त्या दिवशी संपला.

बदल करायचं ठरलं आणि मार्च २०२० उजाडला. टाळेबंदीत तालुक्याच्या मेडिकलवर पॅरॉक्सेटिन मिळेना, जालन्याला जायला पास नव्हता. गोळी एकदम तुटली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं व्हायचं, चक्क झटका. डोळे फिरवले तरी तसंच. स्वप्नं भयानक, चिडचिड, अंग मोडून यायचं. आजार उलटला असं मी समजून बसलो. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून ती एकदम बंद केली की हे होतं. व्हेन्लाफॅक्सिनचंही तसंच, आणि तिने काहींचा रक्तदाबही वाढतो. फ्लुओक्सेटिन मात्र कित्येक आठवडे शरीरात रेंगाळते, त्यामुळे ती सुटली तरी असा झटका सहसा बसत नाही. त्याच महिन्यात, २५ मार्चला, केंद्र सरकारने फोनवरून रुग्ण तपासायचे नियम काढले होते. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकलं, मोबाइलवर चिठ्ठी पाठवली, मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची तीच गोळी मिळवून दिली. एका दिवसात झटके थांबले. पुढे ती हळूहळू उतरवली आणि ब्युप्रोपिऑन सुरू झाली.

ब्युप्रोपिऑन सकाळीच घ्यायची, दुपारनंतर घेतली तर रात्र जागण्यात जाते. तोंड कोरडं पडतं, सुरुवातीला बोटं थरथरायची, लेजर लिहिताना आकडा वाकडा यायचा. ज्यांना फिट्स येतात त्यांना ही देत नाहीत. मला मानवली. संसारात जे हरवलं होतं ते परत आलं.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्सफर्डच्या अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या एकत्र करून २१ औषधांची तुलना छापली. १,१६,४७७ रुग्णांची माहिती त्यात होती. सगळ्या औषधांचा गुण नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त निघाला आणि त्यात सगळ्यात वर होती अ‍ॅमिट्रिप्टिलिन, म्हणजे जिच्यामुळे माय उंबऱ्यावर पडली तीच. ज्या गोळ्या लोकांना बऱ्यापैकी सोसल्या त्यांच्या यादीत सर्ट्रालिन होती, जिने मायचं सोडियम उतरवलं, आणि एस्सिटालोप्रॅम होती, जी दादाला बसू देईना. ते संशोधन खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. लाखभर माणसांची सरासरी तशीच असणार. पण बहुतेक चाचण्या आठेक आठवड्यांच्या असतात आणि माझं मौन त्याहून लांबलं होतं. २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी तीस औषधांचे अंगावर होणारे परिणाम मोजले. वजनात औषधा-औषधांत चार किलोंपर्यंत फरक, नाडीच्या ठोक्यांत मिनिटाला वीसहून जास्त. म्हणजे "डिप्रेशनची गोळी" अशी एकच वस्तू नाही, आणि शेजाऱ्याला जी लागू पडली ती आपणही आणावी, हे तर मुळीच नाही.

आणखी एक, जे आमच्या भागात फार होतं. कंबर धरली, गुडघा दुखला की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक घेतात, चिठ्ठी कुणी मागत नाही. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांसोबत ती घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलसोबत तर अंग तापून, थरथरून जिवावर बेतू शकतं. कापूस वेचणारी बाई डॉक्टरांसमोर "दुसरी कोणती गोळी चालू आहे?" या प्रश्नाला "कोणती नाही" म्हणते, कारण दुखण्याची गोळी ती औषधात धरतच नाही. वहिनी आता गावातल्या बायांना सांगते, जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, बामसुद्धा.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. मराठवाड्यात एकही नव्हतं, म्हणून जालन्याला ३६५ खाटांचं मंजूर झालं तेव्हा आम्हाला मोठा आनंद झाला. पण आमच्या घराला खाट लागली नाही. आम्हाला लागला गोळी लिहून झाल्यावर आणखी पाच मिनिटं बोलणारा डॉक्टर, आणि औषध मानवत नाही हे सांगायला परत जाण्याइतकी हिंमत. रात्री-अपरात्री विचारायचं असलं तर ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. दादाच्या घरी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे.

दादाने नव्या बागेचे दोन बहार विकले. मिर्टाझापिन निम्मी करून बघायची का, असं त्याने स्वतःहून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, व्यापाऱ्याशी सौदा आणि तोड चालू असताना नको, ते उरकलं की दर महिन्याला थोडी थोडी उतरवू, आणि झोप बिघडली तर तिथेच थांबू. वहिनीने ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलंय.